अंतरंगाचें रंगकाम

खेळण्यांवर टीकालेख लिहिण्याची पाळी आली म्हणजे टीकेचें दिवाळें वाजलें, असें आमच्या एका व्यवसायबंधूंचें मत आहे. तें आम्हीं आदरपूर्वक ऐकून घेतलें, आणि तरीही हा लेख लिहावयास बसलों आहों. कारण ज्या वस्तूविषयीं आम्हांस बोलावयाचें आहे ती दिसावयास खेळण्यासारखी असली, तरी तिच्यापायीं खर्ची पडणारी बुद्धि, हातांचें कसब आणि वेळ हीं खेळाच्या मापानें मोजतां येण्यासारखीं नाहींत. रणगाड्याची पस्तिसाव्या हिश्श्याएवढी प्लॅस्टिकची प्रतिकृति जुळवावयाची, ती रंगवावयाची, आणि मग ती कारखान्यांतून नुकतीच निघाल्यासारखी न दिसतां रणांतून परत आल्यासारखी दिसावी म्हणून तिच्यावर चिखल, धूळ, तेलाचे ओघळ व रंगाचे उडालेले टवके मुद्दाम काढावयाचे, असा हा उद्योग आहे. या शेवटल्या क्रियेस त्या मंडळींत ‘वेदरिंग’ म्हणतात. आम्ही तीस ‘झीज देणें’ असें म्हणूं. त्यांतही आमचा विषय आणखी अरुंद आहे. रणगाड्याचें बाह्यांग आम्ही बाजूस ठेवतों. त्याच्या पोटांत, जेथें माणसें बसतात त्या पोकळींत, जें रंगकाम करावें लागतें व जी झीज द्यावी लागते तेवढ्यापुरतीच ही चर्चा आहे.

मराठी माणसास प्रतिकृति ही कांहीं परकी वस्तु नव्हे. दिवाळींत अंगणांत मातीचा किल्ला रचण्याची चाल आपल्याकडे आहेच. परंतु त्या किल्ल्यांत प्रमाणाची फिकीर कोणी करीत नाहीं. शिवाजीमहाराज महादरवाजाहून उंच असतात, मावळ्याच्या शेजारीं त्याच्याच उंचीचा वाघ बसलेला असतो, आणि तटावर उगवलेलीं हळिवाचीं रोपें एकाच वेळीं गवत व अरण्य या दोन्ही भूमिका वठवितात. त्यांत जें सत्य असतें तें भक्तीचें. प्रस्तुत कलेचें सत्य मोजपट्टीचें आहे. मौज अशी कीं, ही मोजपट्टी ज्या आंकड्यावर उभी आहे तो आंकडाच मुळीं योगायोगानें आलेला आहे. जपानांतील तामिया कंपनीनें १९६१ सालीं पँथर या जर्मन रणगाड्याची प्रतिकृति काढली. ती विजेच्या मोटारीवर चालावयाची असल्यामुळें मोटार व दोन बॅटऱ्या पोटांत मावतील अशा बेतानें तिचा आकार ठरविला गेला. मागाहून मोजून पाहतां तो मूळ वस्तूच्या सुमारें पस्तिसाव्या हिश्श्याएवढा भरला, आणि तोच पुढें रूढ झाला. म्हणजे या कलेंत रणगाड्याचें पोट प्रथम बॅटऱ्यांचें घर होतें. माणसांस तेथें जागा मिळावयास बरींच वर्षें जावीं लागलीं. आज कीव्ह येथील मिनिआर्टसारख्या कंपन्या आसनें, गोळ्यांच्या मांडण्या, पायटे, गिअरपेटी यांसह संपूर्ण अंतरंग पेटींत घालून देतात. तें रंगवावयाचें कसें, हा प्रश्न मात्र घेणाऱ्यावरच सोपवितात.

रणगाड्याचें अंतरंग पांढरें असतें हें प्रथम ऐकणाऱ्यास नवल वाटतें. बाहेरून शेवाळी वा मातकट दिसणाऱ्या या अवजड यंत्राच्या आंत देवघरासारखा पांढरा रंग कशाला? कारण साधें आहे. झांकणें लावलीं म्हणजे पाहण्याच्या फटींतून व भिंगांतून झिरपेल तेवढाच उजेड आंत येतो. बाकीचा कारभार एखाद्या बारीक दिव्यावर चालतो. पांढरी भिंत तो थोडका उजेड परत फेंकते. जर्मनांनीं यासाठीं हस्तिदंती छटा वापरली, व युद्धाच्या अखेरीस रंगाची आणि वेळेची टंचाई पडली तेव्हां कांहीं गाडे आंतून तांबड्या अस्तरावरच सोडून दिले. अमेरिकनांनीं पांढरा वापरला. ब्रिटिश घडणीच्या गाड्यांत कोठें पांढरा तर कोठें रुपेरी आढळतो. झांकणाची आंतली बाजू मात्र बहुधा बाहेरच्याच रंगाची असते, कारण झांकण उघडें टाकलें असतां तो पांढरा चौकोन शत्रूस लांबून दिसेल. नवशिक्या रंगकाराची परीक्षा पाहावयाची तर आम्ही प्रथम त्याचें झांकण उलटून पाहतों.

झीज देण्याची जी आजची पद्धति आहे तिचा इतिहास लांबविण्याचें कारण नाहीं. बेल्जियमच्या फ्रान्स्वा व्हर्लिंडन यांनीं गेल्या शतकाच्या आठव्या-नवव्या दशकांत दोन हिकमती लोकप्रिय केल्या. पातळ केलेला गडद रंग कोपऱ्यांत व सांध्यांत वाहूं द्यावयाचा ही एक; आणि जवळजवळ कोरड्या कुंचल्यानें उंचवटे उजळावयाचे ही दुसरी. पुढें स्पेनमधील मिग हिमेनेझ प्रभृतींनीं कोरड्या मातीच्या भुकट्या, स्पंजानें उमटविलेले टवके, तैलरंगाचे पातळ थर यांचें एक शास्त्रच बनविलें. केसांवर मारावयाचा फवारा दोन रंगांच्या मधें मारून मग वरचा रंग पाण्यानें भिजवून खरवडावयाचा, ही युक्तिही आतां सर्वत्र झाली आहे. साधनें उत्तम आहेत, आणि पैसे टाकले तर बाटलींत तयार मिळतात. पण बाटली आली कीं ती ओतण्याचा मोह आलाच.

या मोहांतून एक रोग उत्पन्न झाला आहे. त्यास आम्ही ‘बेवारशी झीज’ म्हणतों. टवका आहे, पण तो कोणाच्या बुटानें उडाला तें सांगतां येत नाहीं. ओघळ आहे, पण त्याच्या वर तेलाची नळी नाहीं. गंज आहे, पण तेथें पाणी कोठून आलें याचा पत्ता नाहीं. व्याकरणाच्या भाषेंत सांगावयाचें तर क्रियापदांची रेलचेल आहे आणि कर्ता गैरहजर आहे. बाह्यांगावर ऊन, पाऊस, कांटेरी झुडपें, शत्रूच्या गोळ्या असे पुष्कळ कर्ते मोकाट हिंडत असतात, म्हणून तेथें हा ऐषाराम खपून जातो. पोटांत कर्ते मोजके: तीनचार माणसें, त्यांचे बूट, त्यांचे तेलकट हात, आणि तोफेंतून मागें पडणारीं रिकामीं पितळी टरफलें. यांच्या हातून न पडलेल्या डागास आंत शिरावयास वाटच नाहीं.

उलट, कर्ता ध्यानांत धरला म्हणजे कोठें काय काढावें हें तोच सांगूं लागतो. चालक बाहेरच्या चिखलांतून चढून सरळ आपल्या खळग्यांत उतरतो. म्हणून सर्वांत जास्त माती त्याच्या पायट्यांपाशीं. कमांडर डोकें बाहेर काढून पाहतो तेव्हां तो आसनावर उभा असतो. म्हणून बसावयाच्या गादीवर बुटांचे ठसे. गोळे भरणारा एकाच जागीं वळतो, वांकतो, पुन्हां वळतो. त्याच्या पायांखालची फरशी गोल घांसली जाते. बुरूज फिरविण्याच्या मुठीवर रंग शिल्लक राहत नाहीं, तळहाताच्या घामानें ती चकाकते. आणि गोळ्यांच्या मांडणीच्या मागें, जेथें कोणाचाच हात पोंचत नाहीं, तेथें कारखान्यांतला पांढरा रंग पांढराच राहतो. ही कोरी जागा सोडणें हें आम्हांस टवके उडविण्यापेक्षां कठीण काम वाटतें. आनंदवर्धनानें ध्वनीस काव्याचा आत्मा मानलें तें याच अर्थानें कीं, जें सांगितलें नाहीं तें सांगितलेल्यावरून कळावें. रिकाम्या आसनावरील एका बुटाच्या ठशांत जो सैनिक आहे, तो प्लॅस्टिकचा पांच सेंटिमीटरांचा पुतळा आणून बसविल्यानें येत नाहीं.

मोजपट्टीचाही एक हिशेब आहे. पस्तिसाव्या हिश्श्यांत एक मिलिमीटर म्हणजे खऱ्या गाड्यांत साडेतीन सेंटिमीटर. स्पंजानें सहज उमटणारा टवका कित्येकदां याहून मोठा असतो. म्हणजे खऱ्या गाड्यावर तो रुपयापेक्षां रुंद झाला. अर्धा मिलिमीटर जाडीची भुकटी म्हणजे पावणेदोन सेंटिमीटरांचा चिखलाचा थर. तो बाहेर चाकांवर शोभेल. आंतील फरशीवर तो असेल तर त्या पथकाच्या दफेदारास कोणीतरी जाब विचारला पाहिजे.

येथें जाणते लोक एक आक्षेप घेतील, आणि तो वजनदार आहे. प्रतिकृतीच्या झांकणाचें भोंक बोटाच्या पेराएवढें. त्यांतून आंत जाणारा प्रकाश नगण्य. अशा स्थितींत खऱ्या मापाच्या खुणा काढल्या तर त्या दिसणार कोणास? रंगभूमीवर शेवटच्या रांगेंतील प्रेक्षकासाठीं भुवया जाड काढाव्याच लागतात. हें आम्हांस सर्वस्वीं मान्य आहे. सांध्यांतील छाया खऱ्याहून गडद असूं द्यावी, पांढऱ्यांत थोडी हस्तिदंती मिसळून त्याची बोचरी चकाकी मारावी, उजळ कड अधिक उजळावी. परंतु भुवई जाड काढणें वेगळें आणि ती गालावर काढणें वेगळें. क्षेमेंद्रानें औचित्याची जी कसोटी काव्यास लावली ती येथें जशीच्या तशी लागू पडते: खूण किती गडद, हा रुचीचा प्रश्न आहे, खूण कोठें, हा सत्याचा.

हें सर्व आम्ही हवेंत बोलत नाहीं. आमच्या बीड जिल्ह्यांतील एका तरुणानें केलेलीं दोन कामें आम्हांस अलीकडे निवांतपणें, भिंग घेऊन पाहतां आलीं. तरुण अंबाजोगाईचा आहे. नांव छापूं नये अशी त्याची इच्छा असल्यामुळें तें आम्ही देत नाहीं.

पहिलें काम स्टुअर्ट जातीच्या हलक्या रणगाड्याचें. हा विषय त्यानें निवडला यांत स्थळाभिमान आहे, आणि तो योग्य आहे. सप्टेंबर १९४८ मध्यें बीड जिल्हा निजामाच्या राज्यांत होता व अंबाजोगाईचें नांव मोमिनाबाद असें होतें. १३ सप्टेंबरास भारतीय फौजा हैदराबाद संस्थानांत शिरल्या. त्यांत शर्मन व स्टुअर्ट या जातींचे रणगाडे होते. जालन्याकडून लातुराकडे व तेथून मोमिनाबादेस आलेल्या तुकडीशीं तिसऱ्या गोवळकोंडा लान्सर्स पथकानें नांवापुरता सामना केला व शस्त्रें खालीं ठेवलीं. १७ तारखेस निजामानें शरणागति पत्करली. प्रतिकृति त्या पांच दिवसांतील अमक्याच एका गाड्याची आहे असा दावा करणारानें केलेला नाहीं. त्याचा संयम आम्हांस आवडला.

स्टुअर्टचें सांगाडें साडेचार मीटर लांब. प्रतिकृति तेरा सेंटिमीटरांची. याच्या मूळच्या घडणींत विमानाच्या जातीचें वर्तुळाकार इंजिन मागें, गिअरपेटी पुढें, आणि दोहोंस जोडणारा दांडा माणसांच्या बैठकीच्या ऐन मधून, चांगला गुडघ्याच्या उंचीवरून गेलेला. बुरुजांतील माणसांस हा दांडा दिवसभर ओलांडावा लागे. आमच्या तरुणानें आपलें सारें लक्ष या दांड्याच्या आच्छादनावर केंद्रित केलें आहे. आच्छादनाच्या वरच्या कडेवर, आणि फक्त तेथेंच, पांढरा रंग झिजून खालचें अस्तर दिसतें. अस्तराच्या आंत शिसपेन्सिलीच्या भुकटीनें घोटलेलें पोलाद. बाजूंस एकही टवका नाहीं. कारण बूट वर पडतो, बाजूवर पडत नाहीं. दोन सेंटिमीटरांच्या या पट्टींत एक सबंध मनुष्य चढतांना उतरतांना दिसतो. या कामाची सर्वोत्तम जागा ती हीच.

मातीच्या बाबतींत त्यानें बाटलीस हात लावलेला नाहीं. स्वतःच्या शेतांतली काळी रेगड वस्त्रगाळ करून त्यानें ती वापरली आहे. सप्टेंबर हा मराठवाड्यांत पावसाचा महिना. रेगडीच्या रानांतून दहा पावलें चालून पाहावें म्हणजे बुटाचें वजन दुप्पट कसें होतें तें कळतें. चालकाच्या पायट्यांपाशीं ती माती मध्यें ओली, काळीभोर, व कडेस वाळून राखी झाली आहे. कारण रेगड सुकली कीं फिकट होते. युरोपांतून येणाऱ्या कोणत्याही बाटलींत ही छटा सांपडेल असें आम्हांस वाटत नाहीं. दोष नाहींत असें नाहीं. उजव्या भिंतीवर स्पंज फिरविण्याचा मोह त्यास आवरला नाहीं. तेथील टवके सारख्या अंतरावर, सारख्या आकाराचे व पूर्णपणें बेवारशी आहेत. बुरुजाच्या छताच्या कोपऱ्यांत एक गंजाचा ओघळ आहे. तो कां आहे असें विचारतां ‘रिकामें दिसत होतें’ असें उत्तर मिळालें. कवितेंत वृत्त भरून काढण्यासाठीं घातलेल्या पादपूरणार्थी शब्दांचें समर्थन आमचे विद्यार्थी याच शब्दांत करतात.

दुसरें काम अधिक महत्त्वाकांक्षी, आणि आमच्या मतें फसलेलें. विषय आहे फामागुस्ता नांवाचा सेंच्युरियन रणगाडा. पुण्यांत जन्मलेले सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल हे पूना हॉर्स पथकाचे अधिकारी याच गाड्यांत १६ डिसेंबर १९७१ रोजीं बसंतर नदीच्या लढाईंत, वयाच्या एकविसाव्या वर्षीं, कामास आले; त्यांस मरणोत्तर परमवीरचक्र देण्यांत आलें. मूळ गाडा आमच्या शेजारच्या नगरास, म्हणजे २०२४ पासूनच्या अहिल्यानगरास, चिलखती दलाच्या शिक्षणकेंद्रांत दुरुस्त करून जपलेला आहे.

तरुणानें या गाड्याचें अंतरंग संपूर्ण जळालेलें रंगविलें आहे. पांढरा रंग कोठेंच नाहीं. काजळी, राख, फोड आलेला रंग, तांबूस गंज. कारागिरी पहिल्या कामाहून सरस आहे. राखेच्या थराखालून डोकावणारा करपलेला पिवळट रंग तर आमच्या पाहण्यांत दुसरीकडे कोठें आला नाहीं. त्याचें म्हणणें असें कीं, बलिदानाचा गाडा नुसता मळलेला दाखविणें म्हणजे त्या मरणाचा उपमर्द होय. पाहणाऱ्यास आंतील भयानकता दिसलीच पाहिजे. या भावनेचा आम्ही अवमान करीत नाहीं. परंतु खेत्रपालांचें स्मरण आपण कशासाठीं करतों? गाड्यास गोळा लागला, आग लागली, गाडा सोडून देण्याची आज्ञा झाली. आणि त्यांनीं बिनतारी यंत्रावरून कळविलें कीं आपली तोफ अद्यापि चालत आहे, तेव्हां गाडा सोडणार नाहीं. आता या प्रतिकृतींतली तोफ पाहा. तिचा मागचा ठोकळा गंजलेला, काजळलेला, राखेनें भरलेला आहे. ही तोफ चालूं शकत नाहीं. ज्या एका वाक्यासाठीं हा गाडा इतिहासांत राहिला, तें वाक्यच या रंगकामानें खोटें ठरविलें आहे.

आम्हांस विचाराल तर धूर असावा, भिंतीवर काजळी असावी, एका बाजूचा रंग करपलेला असावा. आणि त्या सगळ्याच्या मधें तोफेचा ठोकळा उघड्या पोलादाचा, तेलानें पुसलेला, नुकताच उघडून मिटल्यासारखा चकाकत असावा. लोडरच्या बाजूस फरशीवर टरफलें. गोळ्यांच्या मांडणींत रिकाम्या झालेल्या जागा, आणि त्या जागांच्या तोंडाशीं घाईनें ओढलेल्या धातूचे ताजे ओरखडे. म्हणजे काम चालू आहे असें दिसेल. आगीचा दोष हा कीं ती सर्व गाडे सारखे करते: जळून गेलेल्या गाड्यांत कोण बसत होतें, तो उजव्या हातानें चाक फिरवी कीं डाव्या, हें कांहींच उरत नाहीं. मृत्यूची खूण मोठी करण्याच्या भरांत तरुणानें माणसांच्याच खुणा पुसल्या आहेत. शिवाय फरशीवर येथेंही अंबाजोगाईचीच काळी माती आहे! बसंतर पंजाबच्या मैदानांतील नदी; तिकडची माती नदीनें आणून टाकलेली, फिकट, पिठासारखी. पहिल्या कामांत जी माती सत्य होती तीच दुसऱ्यांत असत्य झाली.

वाचक म्हणतील कीं खरा गाडा जवळ असतांना अनुमानाची गरज काय. परंतु जतन केलेल्या वस्तूवर ती टिकावी म्हणून रंगाचे नवे हात द्यावेच लागतात, आणि प्रत्येक हातासरशी जुन्या माणसांचे ठसे खालीं गाडले जातात. नगरच्याच रणगाडा-संग्रहालयांत, जें १९९४ सालीं सुरू झालें, नाना देशांचे गाडे ओळीनें उभे आहेत. प्रेक्षक त्यांच्या भोंवतीं फिरतो, तोफेच्या नळीखालीं मुलांस उभें करून छायाचित्र घेतो. पोटांत काय आहे तें त्यास कळत नाहीं. तीं माणसें कशीं दाटीवाटीनें बसत, हें सांगण्याचें काम उरतें तें या वीतभर प्लॅस्टिकवर. म्हणून आम्हीं येथें इतकें काटेकोर व्हावयाचें ठरविलें.

राहतां राहिला झांकणाचा प्रश्न. महिनोन्महिने रंगविलेलें हें अंतरंग, बुरूज वर बसविला कीं जवळजवळ दिसेनासें होतें. कोणी बुरूज न चिकटवितां सुटा ठेवतात; कोणी भिंत कापून काढतात; राय फील्ड या कंपनीनें टायगर रणगाड्याच्या कांहीं पेट्यांत चिलखताचे पारदर्शक भाग दिले आहेत. हा शेवटचा उपाय आम्हांस मानवत नाहीं. पोलाद कांचेचें झालें कीं कोंडलेपण गेलें, आणि कोंडलेपण हाच या जागेचा स्थायीभाव आहे. न दिसणारें काम करावयाचें तरी कशाला, यावर कलेसाठीं कला कीं जीवनासाठीं कला हा फडके-खांडेकरांचा वाद उकरून काढतां येईल; पण वर्गांत तो शिकवून शिकवून आम्हांस त्याचा वीट आला आहे. स्टुअर्टचीं झांकणें तरुणानें अद्यापि चिकटविलेलीं नाहींत. छताच्या कोपऱ्यांतील गंज पुसून टाकावा आणि बुरुजावरचें झांकण उघडें ठेवावें, एवढी सूचना आम्हीं केली आहे. तेथून दिव्याखालीं नीट वांकून पाहिलें तर दांड्यावरची ती घांसलेली कड दिसते.